मंडळी एकट्याची होणार नाही

याकोबमामा, तुमच्या मातीच्या दिवशी मी भर कबरस्थानात तोंड उघडलं, त्याला आज बारा दिवस झाले. गावात अजून बोलणं चालू आहे. हवालदाराची कबर बुजायच्या आत रूथबाईनं भांडण काढलं, असं म्हणतात. म्हणू देत.

झालं ते असं. परिषदेचे सेक्रेटरी सांगलीहून आले होते. आपल्यासारख्या खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्या ज्या परिषदेच्या हाताखाली येतात, तिचे हे कर्तेधर्ते. तुम्ही जिवंत असताना त्यांनी कधी तुमच्या दारात पाय ठेवला नाही, पण मातीला मात्र हार घेऊन आले आणि शेवटच्या प्रार्थनेआधी बोलायला उभे राहिले. म्हणाले, "हवालदार याकोब आवळे यांच्या खंबीर नेतृत्वाखाली ही लहानशी मंडळी टिकली. त्यांच्यामागं ती तितक्याच खंबीर अशा एका माणसाच्या हाती सोपवावी लागेल."

मी म्हटलं, "साहेब, ही मंडळी त्यांच्या नेतृत्वाखाली नव्हती. आम्ही चौघं मिळून चालवत होतो. ते चौघांतले एक होते."

माती लोटणाऱ्यांचे हात थांबले. सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, "बाई, ही बोलायची वेळ नव्हे."

"हीच आहे," मी म्हटलं. "एकदा कबर बुजली की तुमचंच वाक्य खरं होऊन बसेल."

त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की भांडणाच्या नादात तुमच्यासाठी रडायचं राहून गेलं. आज शाळेला सुट्टी आहे, वह्या तपासून झाल्यात, घरात कुणी नाही. म्हणून लिहायला बसले आहे. रडणं जमेल तसं जमेल.

दुष्काळाचं साल आठवतं ना? आपले म्हातारे पाळक बायकोच्या दुखण्यापायी मिरजेला निघून गेले. परिषदेनं कळवलं, दुसरा पाळक मिळणार नाही, तासगावला येऊन उपासना करा. विहिरी आटलेल्या, माणसं खडी फोडायला जात होती, त्यात लेकरांना घेऊन तासगाव कोण गाठणार? त्या रविवारी देवळात चाळीसेक घरांची माणसं बसली होती आणि समोर उपदेशाची जागा रिकामी. सगळ्यांचे डोळे तुमच्याकडं वळले. उंचपुरे, मिशा पिळलेल्या, बावीस वर्षं फौजेत काढलेली. कुणीतरी मागून म्हणालं, "मामा, तुमीच चालवा की. तुमच्या शब्दाबाहेर कोन जातंय?"

तुम्ही उठलात, पण पुढं गेला नाहीत. जागेवरूनच बोललात.

"बावीस वर्सं हुकूम ऐकला आन दिला. हुकमानं मानूस चालतंय, गोळी खातंय. पर हुकमानं कुनी इस्वास ठिवत न्हाई. मी एकटा चालवनार न्हाई. चार नावं काढा. आन चौघांचं एक झाल्याबिगार कायबी ठरवायचं न्हाई."

लोकांनी नावं काढली. तुमचं पहिलं. मग एस्तेरमावशी, जिच्या हातावर अर्ध्या गावातली बाळं जन्माला आली आणि जिला सही करता येत नव्हती. मग दाविद, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा; गाणं त्याच्याशिवाय उठायचं नाही, पण हिंदूंच्या वरातीत वाजवतो म्हणून काही जण नाक मुरडायचे. आणि शेवटी मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण, तिशी उलटलेली, लग्न न झालेली. माझं नाव कुणी घेतलं ते मला आजतागायत कळलं नाही. तुम्हीच घेतलं असणार असा माझा संशय आहे.

उपदेशाची माझी पहिली पाळी आली. वर्गातल्या साठ पोरांना गप्प करणारी मी, चाळीस घरांपुढं थांबायचं कुठं तेच कळेना. तुम्ही पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता. उपासना झाल्यावर जवळ आलात. मला वाटलं, शाबासकी देताय.

"बाई, चांगलं बोललात. पर लय बोललात. आर्धं पुरं व्हतं."

त्यानंतर मी कायम अर्धंच बोलत आले. एस्तेरमावशीची पाळी आली की ती बायबल मिटूनच हातात धरायची आणि गोष्ट अशी सांगायची, की त्यातली विधवा जणू आपल्याच आळीत राहते आणि काल हिच्याकडं पीठ मागायला आली होती. दाविदची पाळी आली की तो चार वाक्यं बोलून गायला लागायचा. आणि तुमची पाळी आली की अर्ध्या वेळेला तुम्ही लोकांनाच विचारायचा, "तुमाला काय वाटतं?" सुरुवातीला कुणी बोलायचं नाही. वर्षभरानं तुम्हाला बोलायला जागा मिळेना.

दर बुधवारी आपण तुमच्या अंगणात लिंबाखाली बसायचो. कितीदा तर चहा तीनदा होऊनही काही ठरायचं नाही. मी चिडायचे. "मामा, तिघं एकीकडं असली तर पुरे की." तुम्ही मान हलवायचा. "चौथ्याचं आईकायचं. त्येला काय दिसतंय ते आपल्याला दिसत नसंल." हे ऐकायला गोड वाटतं, पण राबवायला फार कठीण होतं, मामा. हे मी तुमच्यामागं गोड करून सांगणार नाही.

आता त्या वर्षाचं लिहिते, ज्यावरून आपलं भांडण मिटलंच नाही.

बाप्तिस्मा दीक्षा घेतलेल्या पाळकानंच द्यायचा, हा परिषदेचा नियम. तासगावचे पाळक दीड-दोन महिन्यांतून एकदा आपल्याकडं यायचे. त्या उन्हाळ्यात एका रविवारी एस्तेरमावशीच्या नातीचा बाप्तिस्मा ठरला होता. पाच महिन्यांची पोर. पांढरं झबलं शिवलं होतं. पाळक आलेच नाहीत. पुढची तारीख दीड महिन्यानं मिळाली. तोवर पोरीला जुलाब लागले आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. त्याच झबल्यात तिला ठेवली. दुसऱ्यांच्या लेकरांना जगात आणणारी बाई, स्वतःच्या नातीला बिनबाप्तिस्म्याची मातीत ठेवून आली.

त्यानंतर पावसाळ्यात परिषदेचं पत्र आलं. सातारचे एक तरुण पाळक, शांतवन त्यांचं नाव, आपल्याकडं कायमचे यायला तयार आहेत. अट एकच. चौघांची ही पद्धत बंद करायची आणि मंडळी त्यांच्या एकट्याच्या हाती द्यायची.

मी लगेच हो म्हटलं. दाविद हो म्हणाला. मावशीनं नुसती मान हलवली. तुम्ही म्हणालात, "न्हाई."

"पाळक येऊ दे, चांगली गोष्ट हाय. पर पाचवा म्हनून येऊ दे. एकट्याच्या हातात दिली, आन उद्या त्यो गेला, की आपन पुन्यांदा आंधळं."

"आणि तोवर लेकरं अशीच जाऊ द्यायची?" मी विचारलं.

"आवं बाई, पानी काय परिषदंच्या हिरीतनं येतंय व्हय? आपन दिऊ बाप्तिस्मा."

"तो परिषद मानणार नाही. मग त्या लेकरांची लग्नं कोण लावणार?"

तीन बुधवार असे गेले. तिसऱ्या बुधवारी मी तुम्हाला जे बोलले, ते शब्दाला शब्द आठवतं. "मामा, चौघांचं एक हा तुमचा नियम आता तुमचा हुकूम झालाय. आम्ही तिघं एकीकडं, तुम्ही एकटे एकीकडं, आणि चाललंय तुमचंच. मग पाळक काय आणि हवालदार काय, एकटाच ना?"

दाविदनं मान खाली घातली. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. मग म्हणालात, "व्हय बाई. हे खरं हाय. माजी हरकत न्हाई."

मी बोलले ते बरोबर होतं. आजही म्हणते, बरोबर होतं. पण पुढच्या रविवारी तुम्ही दाराजवळच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलात आणि सात महिने तिथून हलला नाहीत. शास्त्र वाचायला उठला नाहीत, घंटा वाजवली नाहीत, विचारलं तर "पाळकसाहेबास्नी इचारा" एवढंच. मामा, मी तुम्हाला हरकत सोडायला सांगितली होती, आम्हाला सोडायला नव्हतं सांगितलं. ते तुमचं चुकलं. आणि मी सात महिन्यांत एकदाही मागं येऊन "पुढं चला" म्हटलं नाही, ते माझं चुकलं. मानी माणसानं मानी माणसाशी भांडू नये, हे खरं.

शांतवन पाळक माणूस चांगला होता. सव्वीस वर्षांचा, सायकलवरून घरोघर जायचा. आल्या आल्या पहिल्याच रविवारी त्यानं सात लेकरांना बाप्तिस्मा दिला. सातवं फार रडत होतं, आईला आवरेना, तर ते हातोहात मागं तुमच्यापर्यंत आलं आणि तुमच्या खांद्यावर गप्प झालं. त्याच्या डोक्यावरच्या पाण्यानं तुमचा सदरा ओला झालेला मी पुढून बघितला. म्हणून सांगते, त्या दिवशी मी बरोबर होते, आणि तुम्हालाही ते ठाऊक होतं.

पण तुमचं म्हणणंही खरं होतं. ते कळायला दाविदच्या प्रमिलाचं लग्न यावं लागलं.

प्रमिलाला आनंद आवडला होता. मुलगा बौद्ध, शिकलेला, सांगलीला विश्रामबागेत कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. घर आपल्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला, दाविदच्या आजोबांनी त्याआधीच बाप्तिस्मा घेतला होता. त्यापूर्वी दोन्ही घरं एकाच वेशीबाहेर राहत होती. पण दाविद पेटला. "पोरीला मंडळीतनं काढा. मला बी काढा. मी तोंड दावनार न्हाई," म्हणाला. परिषदेचा नियमही तेच सांगत होता. आणि ठरवायचं होतं एकट्या शांतवन पाळकांना.

शांतवन तुमच्याकडं आला, हे त्यानंच मला पुढं सांगितलं. भर दुपारी सायकल तुमच्या अंगणात टाकली आणि म्हणाला, "मामा, मला हे एकट्याला पेलत नाही. पोरीला काढलं तर मी माझ्याच नजरेतून उतरतो. नाही काढलं तर परिषद मला काढते."

तुम्ही त्याला पाणी दिलंत. "मग एकट्यानं कशाला पेलताय, साहेब? आमी काय मेलोय व्हय?"

त्या बुधवारी आपण पुन्हा लिंबाखाली बसलो, पाच जण. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत, मी तुमच्याकडं. एस्तेरमावशीनंच आपल्या दोघांना शेजारी बसवलं, पाहुण्यांना बसवावं तसं. दाविद म्हणाला, "मी बाप हाय, मी कसा बसू?" तुम्ही म्हणालात, "बाप हायस म्हनूनच बस. तुज्या माघारी आमी काय ठरवनार न्हाई."

तीन बुधवार तो नाहीच म्हणत राहिला. कुणी त्याला दाबलं नाही. तिसऱ्या बुधवारी तुम्ही विचारलंत, "दाविद, जयंतीला बौद्धांच्या मिरवणुकीत कोन वाजवतंय?"

"मीच की."

"लोकांच्या पोरीच्या वरातीत?"

"मीच."

"मग सोताच्या पोरीनं काय घोडं मारलंय गड्या?"

दाविद उठून गेला. आपल्याला वाटलं, संपलं. दिवस मावळायच्या आत तो परत आला, डोळे सुजलेले. म्हणाला, "वाजवीन. पर रडत वाजवीन."

लग्न नोंदणीनं झालं. आपली सगळी मंडळी गेली. दाविद खरंच रडत वाजवत होता. सूर दोनदा तुटला आणि कुणालाही ते खटकलं नाही.

महिन्याभरात परिषदेचं फर्मान आलं: प्रमिलाला आणि दाविदला मंडळीतून काढल्याचा कागद पाळकानं सही करून पाठवावा. शांतवन पाळकानं उत्तर लिहिलं ते मला तोंडपाठ आहे. "हा निर्णय माझ्या एकट्याचा नाही. त्यामुळे मी एकटा तो बदलू शकत नाही." ज्याच्या एकट्याच्या हाती मंडळी सोपवली होती, त्यानं हे लिहिलं, मामा! तुम्हाला मी ते वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही पुन्हा वाचायला लावलंत.

मग सांगलीला परिषदेच्या ऑफिसात बोलावणं आलं. पाळकाला एकट्याला. आपण पाचही जण एसटीनं गेलो. सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघितलं.

"मी एकाला बोलावलं होतं. जबाबदार कोण आहे?"

कुणीच पुढं झालं नाही.

"अहो, मला एकाशी बोलायचं आहे!"

तेव्हा तुम्ही सावधान उभे राहून, फौजेत साहेबासमोर बोलावं तसं बोललात. "साहेब, एक हितं आलाच न्हाई. पाच आल्यात."

एस्तेरमावशीला हसू आवरेना. तिनं पदर तोंडावर घेतला, पण खांदे हलत होते. सेक्रेटरींनी तासभर एकेकाला वेगळं करून बघितलं. बोलण्यात माझी सरकारी नोकरी काढली, तुमचं वय काढलं, मावशीचं अक्षरशत्रू असणं काढलं, पाळकाची पुढची सगळी वर्षं काढली. एकालाही बाकीच्यांपासून तोडता आलं नाही. फोडायला एक डोकं सापडलं असतं तर त्यांनी फोडलं असतं. त्या दिवशी मला कळलं, तुम्ही दुष्काळात चार नावं का मागितली होती.

परतीच्या बसमध्ये तुम्ही माझ्या शेजारी होता. तासगाव यायच्या आधी, खिडकीबाहेर बघत म्हणालात, "बाई, त्या बुधवारी तुमी मला बोललात न्हवं, त्येचं मी लय दिवस..." तेवढ्यात कंडक्टर तिकिटं बघायला आला, मावशीचं तिकीट सापडेना, सगळे शोधायला लागलो. ते सापडलं तेव्हा तुमचा डोळा लागला होता. लय दिवस काय, मामा? मनावर घेतलं? की विचार केला? मी नंतर दोन वर्षं विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. त्या वाक्याचा शेवट मी मनात तीन-चार तऱ्हांनी करून बघितला आहे, आणि एकातही तुम्ही मला माफ करत नाही, कारण माफी मी मागितलेलीच नाही. मागणारही नाही. मला फक्त तुमचं वाक्य पुरं ऐकायचं होतं.

पाळकाला त्यांनी सातारला परत बोलावलं आणि महाबळेश्वराकडच्या एका लहान मंडळीवर धाडलं, जिथं पावसाळ्यात चार महिने घराबाहेर पडता येत नाही. आपल्याकडं पुन्हा कुणी पाठवलं नाही. आपण पुन्हा चौघं उरलो. या वेळी तुम्ही शेवटच्या रांगेतून उठून आपणहून पुढं आलात, आणि त्या उन्हाळ्यात तीन लेकरांना आपण चौघांनी मिळून बाप्तिस्मा दिला. माझाही हात त्या पाण्यात होता. परिषदेच्या वहीत त्यांची नावं नाहीत. आपल्या वहीत आहेत, माझ्या अक्षरात.

शांतवन तुमच्या मातीला आला होता. अंगावर पाळकाचा झगा नव्हता. खांदेकऱ्यांत तो दाविदच्या मागं होता.

गेल्या रविवारी चौथं नाव काढायचं होतं. सेक्रेटरींचं भाषण ऐकून कुणी घाबरेल असं मला वाटलं होतं. कुणी घाबरलं नाही. लोकांनी तुमच्या मालनचं नाव काढलं. बापाच्या मातीत मी भांडले म्हणून जी मला रस्त्यात बघून तोंड फिरवते, ती तुमची लेक. ती उठली, डोळे पुसले आणि "बसते" म्हणाली.

बुधवारी पहिली बैठक झाली, तुमच्याच अंगणात. विषय तुमच्या कबरीवरचा दगड. मालन म्हणाली, सेक्रेटरी बोलले तेच लिहायचं, "खंबीर नेतृत्व", बापाला एकदा तरी मोठ्या माणसानं मोठं म्हटलंय. मी म्हटलं, ते शब्द मी जिवंत असेपर्यंत कोरू देणार नाही. "चौघांतला एक" एवढंच लिहायचं. मालन म्हणाली, "न्हाई." दाविदला हवालदारकी आणि फौजेचा नंबर हवाय. एस्तेरमावशी म्हणते, "काय बी लिवा, मला कुठं वाचता येतंय? मला टेकता यील असा दगड बसवा म्हंजे झालं."

चहा तीनदा झाला. मालन हटत नाही, मी हटत नाही. ती अगदी तुमच्यासारखी नाकपुड्या फुगवते. तिला काय दिसतंय ते मला अजून दिसत नाही, पुढच्या बुधवारी पुन्हा ऐकेन. ती माझं ऐकेल की नाही, बघू. सेक्रेटरींचं पत्र आलंय, दगडाचं काम परिषद करून देते म्हणून. आम्ही चौघींनी, म्हणजे तिघी आणि दाविद, पहिली गोष्ट एकमतानं केली ती ही, की त्यांना नको म्हणून कळवलं.

तेव्हा मामा, दगड कोराच राहील. महिना राहील, कदाचित वर्ष राहील. येणारे-जाणारे विचारतील, हवालदाराच्या कबरीवर नाव का नाही. विचारू देत. नियम तुम्ही घातलाय, आता तुम्हीही तो पाळा आणि थांबा.